झाकणाचा आवाज

आमच्या वहिनीचं काम ऐकलं की पाहुण्यांचा चहा कपातच राहायचा. बाजारात लोक डोळा बघून मासा घेतात, ही मासा बघून डोळा काढते. प्रयोगशाळेत सहायक आहे ती. सोनमाशाला भूल देऊन डोळ्यामागची नस चिमट्यानं चेपायची. मासा आंधळा होतो आणि काही आठवड्यांनी ती नस पुन्हा वाढते. त्यासाठी डोळ्यातल्या चेतापेशी एक प्रथिन भरभरून बनवतात. छत्रीला काड्या असाव्यात तसं ते नसेच्या धाग्याला आतून धरून ठेवतं. ते किती तयार झालंय हे वहिनी डोळा काढून तपासते. भरपूर असेल तर फिल्मवर जाड काळी पट्टी उमटते, नसेल तर पुसट.

माणसात असं काही होत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. पण अपघातात दादाच्या दोन्ही डोळ्यांच्या नसा गेल्या आणि ही पाठांतर विसरली. संध्याकाळी ती घरात शिरली की दादा मान वळवून थेट तिच्याकडे बघायचा.

"बघितलंस ना?" ती मला म्हणायची. "दारातच ओळखलं!"

डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं होतं. पण वहिनीचं म्हणणं, हातच्या काकणाला आरसा कशाला! मी एरवी तोंडाळ, सख्ख्या भावालाही सोडत नाही. तिच्यापुढे मात्र गप्प बसायचे.

मग तिकडे प्रयोगशाळेत घोळ झाला. खाणं टाकताना जे मासे वर येत, त्यांना दिसायला लागलं असं वहिनी धरून चालायची. नेमक्या त्याच माशांच्या पट्ट्या पुसट निघाल्या. रसायन बिघडलं असेल म्हणून सगळं पुन्हा केलं, तरी तेच. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "झाकण न वाजवता टाकून बघा बरं."

वहिनीनं टाकीचं झाकण अलगद उचललं. दाणे पाण्यावर तरंगत राहिले, उरलेले मासे तळाशीच. झाकण आपटल्याबरोबर सगळे वर.

"आवाजावर येतात हो, लबाड!" बाई हसल्या. वहिनीही हसली म्हणे.

त्या संध्याकाळी ती चपला हातात घेऊन घरात आली. मला तिनं ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. दादा खुर्चीत बसून शेंगा सोलत होता. ती त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो सोलतच राहिला.

"हिला आज उशीर झाला गं," तो मला म्हणाला.

"मी इथेच आहे," वहिनी म्हणाली.

त्याचे हात थांबले. चेहरा वर झाला. "कधीपासून?"

"मघापासून."

"मग कळलं तर तुला."

"तुम्हाला माहीत होतं? मग रोज मान कशाला वळवायचात?"

"कडी वाजायची. वळवली की तू खूश व्हायचीस."

मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. मलाही रडू यायला हवं होतं, भाऊ आहे माझा. पण काहीच वाटेना, दात काढल्यावर गाल बधिर होतो तसं झालं होतं. वहिनी आवाज न करता खाली बसली आणि हलक्या हातानं शेंगा सोलायला लागली. दादा अजून वरच बघत होता, ती मघाशी उभी होती तिथे. खाली बसल्याचं तिनं त्याला सांगितलं नाही. मीही नाही.