मागची चाकं

माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, निपाणीत हायवेच्या कडेला टायर रिमोल्डचं दुकान होतं. झिजलेला टायर घासायचा, त्यावर नवं रबर चढवायचं आणि साच्यात घालून भाजायचा, असं ते काम. आमचे आई-वडील दोघंही तंबाखूच्या वखारीत राबलेले. मला शिकता यावं म्हणून अण्णानं नववीतच शाळा सोडली. मी बी.एस्सी. झाले आणि गावातल्याच हायस्कुलात गणित शिकवू लागले, तात्पुरत्या नेमणुकीवर. दुकानात बुद्धाच्या तसबिरीशेजारी अण्णानं माझा पदवीचा फोटो लावला होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना फोटो दाखवायचा, आणि मला लाज वाटायची.

आमच्या गावात एक डॉक्टरबाई होत्या. त्यांचं प्रसूतिगृह होतं. नवरा तंबाखूचा व्यापारी, आमच्या शाळेच्या कमिटीवर. बाई स्वतः फियाट चालवायच्या, तेही जोरात. बेळगावच्या हौशी मंडळींनी त्या वर्षी पावसाळ्यात बारा तासांची मोटार शर्यत ठेवली होती. सकाळी सहाला सुटायचं आणि संध्याकाळपर्यंत बेळगाव, जांबोटी, खानापूर, परत बेळगाव अशा फेऱ्या मारत राहायचं. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर ठरल्या मिनिटाला पोचायचं; उशीर झाला की गुण कापले जायचे. चालवणाऱ्याशेजारी घड्याळ आणि हिशेब सांभाळणारं माणूस लागायचं. डॉक्टरबाईंनी मला विचारलं. मी एका पायावर तयार झाले. तोवर मी मोटारीत चार वेळासुद्धा बसले नव्हते.

टायर अण्णाकडेच करायचे ठरले. पावसासाठी त्यानं मऊ रबर घेतलं, खाचा रुंद आणि खोल ठेवल्या, पाणी लगेच बाहेर फेकलं जावं म्हणून. तयार टायरात नख रुतवून तो म्हणाला, "बघ बाय, असं रुतलं पायजे. कडक रबर ओल्या डांबरावर साबणासारखं पळतंय." चारही टायर करायचे होते, पण आतून धड असलेले जुने टायर दोनच मिळाले. म्हणजे दोन अण्णाचे, आणि दोन गाडीचेच, निम्मे झिजलेले.

"हे दोन मागं घालतो," अण्णा म्हणाला.

डॉक्टरबाईंना पटेना. "अण्णा, गाडी वळते पुढच्या चाकांवर. चांगले टायर पुढं नकोत का?"

"पुढचं चाक घसारलं तर स्टेरिंगमधी कळतंय, बाई. पाय काढला की गाडी सावरती. मागचं सुटलं की तुमच्या हातात काय ऱ्हात न्हाय."

मी मध्ये पडले. वहीच्या पानावर गाडीची आकृती काढली, बाण काढले आणि दोघांना समजावलं की ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणून पकड पुढंच जास्त हवी. वजनाचं मी सांगितलं ते खोटं नव्हतं. पण त्यावरून चांगले टायर पुढं घालावेत असं ठरत नव्हतं, आणि ते मला कळत नव्हतं. डॉक्टरबाई खूश झाल्या. अण्णा त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिला.

"तू शिकलीयास," तो म्हणाला. "तुझं खरं असंल."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं आपले टायर पुढं चढवले.

शर्यतीच्या दिवशी पाऊस पहाटेपासूनच लागला होता. पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. काचेवर वाफ धरायची, मी फडक्यानं पुसायची आणि मांडीवरच्या तक्त्यावर मिनिटं मांडायची. आम्ही कुठल्याच नाक्यावर चुकलो नव्हतो. मला आतून फार आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या फेरीत जांबोटीच्या पुढं वळणावर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा झाला. डॉक्टरबाईंनी सावरली. मी तक्त्यावर पुढच्या नाक्याचं मिनिट मांडलं.

खानापूरच्या नाक्यावर अण्णा ताडपत्रीखाली जॅक आणि पाने घेऊन उभा होता. त्यानं वाकून मागची चाकं बघितली आणि खिडकीशी आला.

"मागं वळवळतीया न्हवं?"

"थोडी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पंधरा मिनिटं द्या मला. पुढचे मागं घालतो. पाऊस वाढायलाय."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. वेळेचा हिशेब माझा होता. पंधरा मिनिटं गेली असती तर आतापर्यंतचे सगळे गुण वाया गेले असते. मी म्हणाले, "नको. ह्या फेरीत जरा हळू घेऊ."

अण्णानं हातातला पाना खाली केला आणि बाजूला सरला.

चौथ्या फेरीत आम्ही हळू घेतली नाही. जांबोटी सोडल्यावर एक उतार येतो, उताराखाली डावीकडं वळण आणि वळणावर ओढ्याची मोरी. डॉक्टरबाईंनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीची मागची बाजू जणू आमच्यापासून सुटली. मागचा भाग उजवीकडं फिरला. डॉक्टरबाई स्टेरिंग उलटं फिरवत होत्या, पण गाडी गोल फिरत राहिली आणि त्यांच्या बाजूनं मोरीच्या दगडी कठड्यावर आदळली. मला आवाज आठवतो, आणि नंतर पावसाचा आवाज. डॉक्टरबाईंचा उजवा हात खिडकीबाहेर फेकला जाऊन दार आणि कठडा यांच्यामध्ये सापडला होता. त्या ओरडल्या नाहीत. "माझा हात कुठाय बघ," एवढंच म्हणाल्या.

मागून येणाऱ्या गाडीतल्या लोकांनी आम्हाला बाहेर काढलं. माझ्या दोन बरगड्या आणि गळ्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरबाईंना बेळगावहून मिरजेला हलवलं. हात वाचला, पण बोटं गेल्यासारखीच. त्या हातानं त्यांना पुन्हा कधी शस्त्रक्रिया करता आली नाही.

कठड्याच्या धारेवर पुढचं उजवं चाक घासलं होतं. तिथं अण्णाचा टायर होता. वरचं रबर सोलून निघालं होतं आणि सालीसारखं लोंबत होतं. गाडी बघायला आलेल्या प्रत्येकानं तेवढंच बघितलं. चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंचे यजमान दवाखान्यात माझ्या खाटेपाशी आले. रात्ररात्र जागलेला चेहरा होता.

"रिमोल्डनं घात केला," ते म्हणाले. "आधी टायर फाटला, होय ना?"

नेमणूक कायम करायचा माझा अर्ज त्यांच्याच कमिटीपुढं होता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी नोकरी तेवढी मनात नव्हती. मी काढलेली आकृती मनात होती.

"मला काही आठवत नाही," मी म्हणाले.

पोलिसांनाही मी तेच सांगितलं.

घरी आल्यावर अण्णानं एकदाच विचारलं. वहिनी पाणी आणायला गेली होती.

"आधी मागचीच सुटली न्हवं?"

"व्हय."

"मग तसं सांग की त्यास्नी."

"सांगते," मी म्हणाले. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. डॉक्टरबाईंनी अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. लोकांना त्यांचा हात गेल्याचं दुःख खरंच होतं, आणि त्या दुःखाला जायला एक दुकान मिळालं. ट्रकवाले पुढच्या गावाला टायर नेऊ लागले. आमच्या स्टाफरूममध्ये एक शिक्षक म्हणाले, "ह्यांच्या हातात मशीन द्यायचं म्हणजे..." आणि मला बघून गप्प बसले. मी वह्या तपासत राहिले. पुढच्या जूनमध्ये माझी नेमणूक कायम झाली. दुकान वर्षभर कसंबसं चाललं. मग अण्णानं साचा आणि मशीन कोल्हापूरच्या माणसाला विकलं आणि कोगनोळी नाक्याजवळ पत्र्याच्या आडोशाला पंक्चर काढायला बसू लागला. जाताना त्यानं माझा फोटो भिंतीवरून उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वहिनीकडं दिला. वहिनी पुन्हा विड्या वळायला बसली.

चार वर्षांनी मी डॉक्टरबाईंकडं गेले. का त्याच दिवशी गेले ते सांगता येणार नाही. कोगनोळीला पावसात अण्णाला ट्रकखाली आडवं पडलेलं बसमधून बघितलं होतं, एवढं खरं. प्रसूतिगृह बंद होतं. डॉक्टरबाई डाव्या हातानं शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं: आकृती, खानापूरचा नाका, "आठवत नाही".

त्या शेंगा सोलायच्या थांबल्या नाहीत.

"मला सगळं आठवतंय," त्या म्हणाल्या. "मागचीच सुटली. शुद्धीवर आले तेव्हा ह्यांनी सांगितलं, टायर फाटला. मी हो म्हटलं. माझ्या हौसेनं माझा हात गेला, हे मला म्हणवेना. तू काही सांगशील असं रोज वाटायचं."

"मला वाटायचं तुम्ही सांगाल."

आम्ही दोघी एसटीनं कोगनोळीला गेलो. अण्णानं आम्हाला बघून हात पुसले, डॉक्टरबाईंसाठी खोकं पुढं सरकवलं आणि शेजारच्या गाड्यावरून चहा सांगितला. त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं, त्याला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरबाईंनी माफी मागितली. त्या म्हणाल्या, मी गावात सगळ्यांना सांगेन, घरीही सांगेन.

"आता बोलून काय व्हनार, बाई," अण्णा म्हणाला. "मशीन गेलं." मग त्याची नजर त्यांच्या हातावर गेली. "पर एक करा. आमच्या कारभारणीला सांगा तेवढं. मी सांगितलं तर तिला वाटतंय, मी मन राखायला बोलतोय. तिला अजून वाटतंय, रबर मीच नीट भाजलं न्हाय."

चार वर्षं मी त्याच घरात जेवत होते आणि मला हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही घरी गेलो. वहिनी सुपात पानं घेऊन बसली होती. डॉक्टरबाई दारातच उभ्या राहून बोलल्या, मग मी बोलले. वहिनीनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. सगळं झाल्यावर तिनं डॉक्टरबाईंना "बसा" म्हटलं आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मग माझ्याकडं वळली.

"हातरुणात उठून बसायचे गं ते," ती म्हणाली. "लोकांचं ऐकून सोताचाच भरवसा उडाल्ता; टायर भाजताना किती येळ ठेवलता, त्येच मोजत बसायचे. आन् तू शेजारच्या खोलीत."

डॉक्टरबाईंनी नंतर खरोखर गावात सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी "बाई मनानं मोठी" म्हणून ते अण्णावरची मेहेरबानी समजलं. अण्णाचं दुकान पुन्हा निघालं नाही. मी त्याच वर्षी बदली मागून शाळेच्या बेळगावच्या शाखेत आले आणि तिथंच शहापूर भागात खोली घेऊन राहिले. सणाला जाते, वहिनी वाढते, विचारपूस करते. जेवताना अण्णा शाळेतलं काही विचारतो आणि मी सांगत राहते.