हे तुमचं राहिलं

एस्तेरमावशी मला आवडायची नाही, हे आधीच सांगून टाकते. ती गेल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं तिच्याबद्दल इतकं गोडगोड बोलायला लागली आहेत की मला गप्प बसवत नाही. अहो, जिवंत होती तेव्हा यातली निम्मी माणसं तिला फाटकाशी बघून दार लावून घ्यायची. मीही लावलंय, एकदा नाही, तीनचारदा.

पहिल्यांदा ती माझ्या दारात आली तो डिसेंबर होता. मी शाळेतून निवृत्त झाले, हेही निवृत्त झाले आणि रत्नागिरीत घर बांधून आम्ही नुकते राहायला आलो होतो. नाताळाआधी चर्चमध्ये गरिबांसाठी कपडे गोळा करायची पद्धत आहे. मीही एक भलंमोठं गाठोडं बांधून, वर नावाची चिठ्ठी लावून नेऊन ठेवलं होतं आणि ठेवून येताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं. चौथ्या दिवशी भर दुपारी बेल वाजली. दारात एक ठेंगणी, सावळी, सत्तरीची बाई, काखेत कापडी पिशवी. "सलाम, बाई," असं म्हणून तिनं पिशवीतून आमच्या ह्यांची पँट बाहेर काढली आणि माझ्यापुढं धरली.

"हे तुमचं राहिलं."

"राहिलं नाही हो, मी दिलंय ते. गरिबांसाठी."

"चेन नाय हिला," ती म्हणाली आणि उघड्या अंगणात पँटचा पुढचा भाग दोन्ही हातांनी ताणून मला दाखवला. "गरिबानं काय हातानं धरून फिरायचं?"

शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई फिसकन हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं मी वर्गात उभी राहिले की पोरं चिडीचूप व्हायची आणि ही कोण टिकोजीराव मला माझ्याच अंगणात शिकवणार? मी पँट हिसकावून घेतली आणि दार धाडकन लावलं. आत हे म्हणाले, "मी सांगत होतो, ती पँट नको देऊ." मी म्हटलं, तुम्ही आता एक अक्षर बोलू नका.

दुसऱ्या दिवशी शिंप्याकडं जाऊन नवीन चेन बसवून घेतली, पँट धुतली, इस्त्री केली आणि चर्चमागच्या खोलीत तिच्यासमोर नेऊन आपटली. श्रद्धेनं नव्हे, रागानं. एस्तेरमावशीनं चेन दोनदा वर केली, दोनदा खाली केली आणि म्हणाली, "आता झाली पँट." आभार नाहीत, काही नाहीत.

मग कळलं की हा तिचा दर वर्षीचा उद्योग आहे. आयुष्यभर एका दवाखान्यात आयाचं काम केलेलं, नवरा लग्नानंतर लवकरच गेलेला, मूलबाळ नाही. मारुती मंदिराच्या मागच्या बाजूला एका चाळीत भाड्याची एक खोली आणि पायरी उतरून स्वयंपाकघर, एवढाच तिचा संसार. डिसेंबर उजाडला की दर शनिवारी ती चर्चमागच्या खोलीत गाठोडी सोडून बसायची. बिस्किटांच्या जुन्या डब्यात बटणं भरलेली असायची. बटण तुटलेलं असलं तर लावून टाकायची, उसवलेलं असलं तर शिवायची. पण विटकं, विरलेलं, डाग पडलेलं काही निघालं की ते पिशवीत. मग ती पिशवी घेऊन उन्हातान्हात घरोघर. डॉक्टर असो, वकील असो, दारात उभं राहून तेच एक वाक्य, "हे तुमचं राहिलं."

चर्चच्या पाळकसाहेबांकडं तक्रारी गेल्या. त्यांनी तिला माझ्यासमोरच समजावलं, "मावशी, लोक प्रेमानं देतात हो."

"प्रेमानं नाय साहेब. कपाट मावंना झालं म्हणून देतात," ती म्हणाली. "टाकायचं असेल तर कचऱ्याची गाडी रोज येते की. देवाच्या दारात कशाला टाकायचं?"

मी तिला एकदा वैतागून विचारलं होतं की मग चांगलं दिलं म्हणजे नेमकं काय दिलं, ते तरी सांगा. ती सुईत दोरा ओवत होती. तोंडातला दोरा बाजूला करून म्हणाली, "देताना मागं वळून परत एकदा बगावंसं वाटलं ना गो, की समजायचं वस्तू चांगली हाय." मला ते तेव्हा नुसतं बोलण्यातलं बोलणं वाटलं.

संत वगैरे ती मुळीच नव्हती. भोचक तर इतकी की आपल्या घरात आली की पडदा बोटांत धरून चोळून बघायची, "छान हाय. कितीला?" ती मागेल या भीतीनं हे स्वतःचे नवे बूट पलंगाखाली सरकवायचे. कुणाचं गुपित तिच्या पोटात टिकायचं नाही. आणि खाण्याची भारी शौकीन. मिरकरवाड्यावरून ताजं पापलेट आणलं की मी तिला बोलवायची (हो, मीच बोलवायची, आता काय लपवायचं), तर न सांगता मधली तुकडी उचलायची. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "मावशी, भुकेल्याला काहीही चालतं म्हणतात, तुम्हाला बरं मधलंच लागतं!" तर घास तसाच हातात धरून म्हणाली, "खोटं हाय ते. मी लहानपणी लय भुकेली होते. मला पापलेटच हवं असायचं." त्यानंतर मी मधली तुकडी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागले.

म्हणजे बघा, आवडायची नाही म्हणते आणि तुकडी बाजूला काढून ठेवत होते. माझं मलाच कळत नाही. पण आता सांगते ती गोष्ट मे महिन्यातली आहे आणि ती घडली नसती तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आमच्याकडं आंब्याच्या बागांवर राखणीला नेपाळी माणसं असतात. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका बागेत असाच एक धनबहादूर होता, बायको सरिता. आंबे काढताना तो झाडावरून पडला आणि कंबरेचं हाड मोडलं. बागवाल्यानं हंगाम संपेपर्यंत खोपटात राहू दिलं, मग नवीन राखणदार येणार म्हणून खोपटं रिकामं करायला सांगितलं. बिछान्याला खिळलेला नवरा घेऊन सरिता जाणार कुठं? एस्तेरमावशी तिला दवाखान्यात भेटली होती. तिथून ती तडक माझ्याकडं आली.

"शालिनी, वरच्या खोल्या दे."

आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. आशिषसाठी बांधल्या. आशिष आमचा मुलगा, कॅनडात असतो. निळे पडदे मी स्वतः शिवले, गादीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, धूळ बसेल म्हणून. दर शनिवारी वर जाऊन फरशी पुसायची, खिडक्या उघडायच्या, लावायच्या आणि खाली यायचं.

"आशिष येणार आहे या महिन्यात," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं अगदी. येईन, बघतो, असं तो म्हणाला होता. तसं तो चार वर्षं म्हणतोय.

"येईल तेव्हा बगू."

"आणि अहो, जिना आहे! कंबर मोडलेला माणूस जिना चढणार कसा?"

मला वाटलं, आता संपलं. मावशीनं जिन्याकडं बघितलं, मग आमच्या खालच्या खोलीकडं बघितलं. "मग तुम्ही दोघं वर जावा," ती म्हणाली. "तुमच्या कंबरा चांगल्या हायत."

मला इतका संताप आला! "मावशी, घर माझं आहे!" मी ओरडलेच.

"हाय ना. म्हणून तर तुझ्याकडं आले," ती शांतपणे म्हणाली. "ज्याच्याकडं नाय त्याच्याकडं जाऊन काय करू?"

मी आत गेले. कपाटातून दोन कोऱ्या चादरी काढल्या, दिवाळीत घेतलेल्या, एकदाही न अंथरलेल्या. डाळ, तांदूळ, साखर भरली. यात तर खोट काढून दाखव म्हणावं! तिनं चादर दोन बोटांत धरून चोळली. "चांगल्या हायत," म्हणाली, सगळं पिशवीत भरलं आणि निघून गेली. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

त्या रविवारी उपदेश नेमका दोन अंगरख्यांवर होता, ज्याच्याकडं दोन आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा, त्यावर. मी मान खाली घालून ऐकला. अंगरख्यांचं काय, ते मी कपाटभर देऊन टाकीन. दोन मजल्यांबद्दल पाळकसाहेब काही बोलले नाहीत आणि मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. पुढच्या बाकावर एस्तेरमावशी बसली होती. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

तिनं त्या दोघांना स्वतःच्या खोलीत नेलं. खाट धनबहादूरला दिली, सरिता खाटेशेजारी आणि आपण पायरी उतरून स्वयंपाकघरात, जमिनीवर चटई टाकून. आमच्या पावसात त्या चाळीतल्या फरशीला पाझर फुटतो. मी दोनदा गेले होते सूप घेऊन, चटई खालून ओली असायची. मी म्हटलं, "मावशी, निदान तुम्ही तरी माझ्याकडं या झोपायला." ती म्हणाली, "मला खोली हाय गो." टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता, जे असेल ते ती तोंडावर बोलायची. पण मला तो टोमणाच लागला आणि घरी येईपर्यंत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

गणपतीनंतर तिला खोकला लागला, तो गेलाच नाही. दसऱ्याच्या सुमाराला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, फुप्फुसं जुनी आहेत, होतं असं. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, ओल्या जागेत झोपल्यामुळं झालं का? ते म्हणाले, बाई, तसं सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणे! हो तरी म्हणा, नाही तरी म्हणा. आजही रात्रंदिवस तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात फिरतं आणि कुणाला विचारायची सोय नाही.

शेवटचं भेटले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. बोलताना दम लागत होता. मी तिचा हात धरला आणि घाईघाईनं सांगून टाकलं, "मावशी, वरच्या खोल्या झाडून पुसून घेतल्यात. तुम्ही बऱ्या झालात की तिथंच यायचं."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत अगदी साधी उत्सुकता होती. "झाडून घेतल्यास? मुलगा येतोय काय गो?"

मला नाही म्हणता आलं नाही आणि हो म्हणता आलं नाही. दोन दिवसांनी ती गेली. दफनाला सगळी मंडळी आली होती, दारं लावून घेणारीसुद्धा.

पंधरा दिवसांनी, दुपारी, बेल वाजली. दारात सरिता, काखेत तीच कापडी पिशवी. तिनं पिशवीतून माझ्या दोन्ही चादरी काढल्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, कडेला कड जुळवून घडी घातलेल्या.

"मावशीनं सांगितलेलं, ताई. काम झालं की परत द्यायच्या. म्हणाली, हे त्यांचं राहिलं म्हणून सांग."

मी चादरी घेतल्या, एकेक उलगडली आणि दारातल्या उजेडात धरली. आधी एक, मग दुसरी. कुठं भोक, कुठं डाग, कुठं विरलेला धागा. काही सापडेना. सरिता माझ्याकडं बघत होती, या बाईला वेड लागलं की काय म्हणून.

"काम झालं म्हणजे?" मी विचारलं.

"चाळवाले बोलले, खोली मावशीच्या नावावर होती. महिनाअखेर सोडायची."

"मग जाणार कुठं?"

"बघू," ती म्हणाली आणि चपला घालायला वाकली. तिनं काही मागितलं नाही. वर बघितलंसुद्धा नाही. आमच्या घराला वरचा मजला आहे, हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

"सरिता," मी म्हटलं. "जिना चढता येतो का गं त्याला?"

"हात धरला तर चढतात," ती म्हणाली. "हळूहळू."

आमचे हे आतून सगळं ऐकत होते. किल्ली त्यांनीच आणून माझ्या हातात दिली. मी सरिताला घेऊन वर गेले. खिडक्या उघडल्या. गादीवरचं प्लॅस्टिक ओढून काढलं, ते इतक्या वर्षांनी चरचरत निघालं, आणि त्या दोन चादरींतली एक अंथरली. सरिता दारातच उभी होती, आत पाऊल टाकायला बिचकत होती. मी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि खाली निघाले.

जिना उतरताना मी थांबले, मागं बघितलं. दोन पायऱ्या उतरले, परत थांबले. निळे पडदे वाऱ्यानं हलत होते. अर्ध्या जिन्यात उभी राहून मी परत परत मागं वळून बघत होते. खोली चांगली होती.