दादापेक्षा हजाराने कमी

इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे: वय वर्षे एक्कावन्न. बांधा मध्यम, वर्ण सावळा, डाव्या तर्जनीचे नख कायमचे काळे. व्यवसाय उद्वाहन दुरुस्ती, म्हणजे लिफ्ट. शिक्षण दोन वर्षांचा तांत्रिक अभ्यासक्रम, द्वितीय श्रेणी. विवाहित, अपत्य एक, मुलगी. निवास स्वतःच्या मालकीचा, तिसरा मजला, इमारतीस लिफ्ट नाही. पूर्वेतिहास निष्कलंक, सदर इसमाविरुद्ध कोणत्याही कार्यालयात तक्रार प्रलंबित नाही. मासिक वेतन त्रेसष्ट हजार. मासिक वेतन, थोरल्या भावास कळवलेले, चाळीस हजार.

कंपनीत त्याला मिस्त्री म्हणत, गिऱ्हाइकं लिफ्टवाला म्हणत आणि दादा बारक्या म्हणे. केस पांढरे झाले, पोरगी कॉलेजात गेली, तरी दादाच्या लेखी तो बारक्याच होता.

कामात मात्र तो मोठा माणूस होता. लिफ्ट मजल्याच्या बोटभर वर थांबली तर लोक ठेचकाळतात, बोटभर खाली थांबली तर शिव्या देतात, आणि बरोबर थांबली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याचं काम हे असं कुणाच्या लक्षात न येण्याचं होतं. गच्चीवरच्या मशीन-रूममध्ये ब्रेकच्या झाकणावर तळहात ठेवून तो डोळे मिटून उभा राही आणि मग सांगे, "लायनर महिनाभर टिकेल, पुढे नाही." महिन्याने ब्रेकची ती पट्टी झिजून जाई. इमारती उंच होत गेल्या, तशी अशा तळहाताची किंमतही वाढत गेली.

दादा कॉलेजच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मिळेल त्या टेबलाशी बसला आणि तिथूनच त्याने बारक्याच्या दोन वर्षांच्या कोर्सची फी भरली. चांगला पगार कशाला म्हणावं, याबद्दल दादाचं मत ठाम होतं. तो सात तारखेच्या आत यावा, त्याची स्लिप मिळावी आणि तो सांगताना माणसाला आवाज खाली करावा लागू नये. बारक्याने पहिल्या पगाराची स्लिप आणून समोर ठेवली तेव्हा ती दादाच्या पगाराच्या निम्मीही नव्हती. दादाने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "चांगला आहे." त्या दिवसापासून दादा दर वर्षी विचारी आणि बारक्या सांगे.

अडचण अकरा वर्षांपूर्वी आली. बारक्याला एकदम सहा हजारांची वाढ मिळाली आणि तो दादाच्या पुढे गेला. हे सांगायला म्हणून तो दादाकडे गेला, तर दादा बनियनवर खिडकीपाशी बसलेला. बढतीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं; त्याच्यानंतर लागलेल्या माणसाचं होतं. वहिनी खुणेनेच म्हणाली, काही बोलू नका. तरी दादाने विचारलंच, "तुझं काय झालं रे यंदा?" बारक्याने मनातल्या मनात दादाचा पगार धरला, त्यातून हजार वजा केले आणि उरले ते सांगितले. दादाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "अरे वा," तो म्हणाला, "आलास की माझ्या जवळ."

हे एका महिन्यापुरतं होतं.

पुढे दादाला बढती मिळाली, पण तोवर खोट्याला घरच्यासारखं वाटू लागलं होतं. दादाची वाढ आठशे झाली की बारक्याचीही आठशे होई. एका वर्षी दादाची वेतनवाढ कसल्याशा आक्षेपात अडकली, तर बारक्यालाही काही मिळालं नाही. बायको म्हणाली, "झालं, तुमच्या दादांच्या ऑफिसने आपलीही वाढ रोखली."

एवढ्यावर भागत नव्हतं. चाळीस हजारांच्या माणसाच्या घरात त्रेसष्ट हजारांच्या वस्तू दिसत होत्या आणि प्रत्येकीला कारण लागत होतं. फ्लॅट 'कंपनीच्या योजनेतून' मिळाला. वॉशिंग मशीन 'एका गिऱ्हाइकाने घर बदलताना दिलं'. एसी 'मशीन-रूममध्ये नुसता पडून होता'. बारक्याला गिऱ्हाइकं फार भली मिळतात, असं दादाचं मत झालं.

"अहो, एकदा जेवायला तरी बोलवा त्यांना," बायको म्हणे. "एवढं करतात आपल्यासाठी, मला चेहरा तरी बघू दे."

दर वर्षी पोरीचे वर्ग सुरू झाले की वहिनी बारक्याच्या हातात एक पाकीट कोंबे. "भावजी, नाही म्हणायचं नाही. आणि यांना कळू देऊ नका." आठवड्याने दादा जिन्यात गाठून दुसरं पाकीट देई. "घे. हिला बोलू नकोस." नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण त्रेसष्ट हजार होतं. म्हणून तो दोन्ही पाकिटं घेई. पैसे जिथे जातात तिथेच गेले. कुठे वेगळे जपून ठेवले, असं काही नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका रविवारी सकाळी दादा तीन जिने चढून आला आणि धापा टाकतच म्हणाला, "बारक्या, झालं तुझं काम!"

"कसलं काम?"

"कायमची नोकरी! आमच्या नव्या इमारतीत दोन उद्वाहनं बसतायत. पद मंजूर झालंय. उद्वाहन देखभाल सहायक. एकच जागा. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, म्हटलं एकोणचाळीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नाही, आता मागतो. साहेब म्हणाले, भावाला घेऊन या."

बायको पाण्याचा ग्लास घेऊन तशीच उभी राहिली. "पण दादा, यांचं आत्ता काय वाईट आहे?"

"अगं, प्रायव्हेट ते प्रायव्हेट. मी आठ महिन्यांत रिटायर. तोवर माझ्या शब्दाला वजन आहे, मग शिपाईसुद्धा ओळख देणार नाही." पाणी घटाघट पिऊन त्याने ग्लास ठेवला आणि आवाज मुळीच खाली न करता म्हणाला, "पगार किती माहितीये? चव्वेचाळीस! माझ्यापेक्षा तीन हजार जास्त!"

बारक्याने दादाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ब्रेक तपासावा तसं पाहिलं. कुठे काही घासत होतं का, कुठे बारीकसा आवाज येत होता का. काही नव्हतं. दादा मांडीवर थाप मारून हसत होता. "धाकटा पुढे गेला रे! आणखी काय पाहिजे?"

अकरा वर्षं ज्या दुःखापासून त्याने दादाला जपलं होतं, ते दुःख दादाला होतच नव्हतं.

दादा गेल्यावर बायको म्हणाली, "एकोणीस हजार कमी. फ्लॅटचा हप्ता सतरा आहे."

"माहितीये."

"मग सांगा त्यांना."

"सांगतो."

सोमवारी त्याने फोन केला. "दादा, एक सांगायचं होतं." दादा म्हणाला, "आधी माझं ऐक, दोन फोटो लागतील." मंगळवारी तो सांगणार होता, पण दादाने फोन ऑफिसातल्या चौघांच्या हातात फिरवला आणि चौघांनीही अभिनंदन केलं. बुधवारी वहिनीचा फोन आला. "भावजी, हे चार दिवस हसतायत हो. झोपेत सुद्धा." त्यानंतर बुधवारी सांगण्यासारखं काही राहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी बायकोने त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद ठेवला. पगाराची स्लिप होती. "तुमच्या तोंडून काही निघायचं नाही," ती म्हणाली. "निदान कागद तरी बोलेल."

कॉलेजचं ऑफिस लांबट होतं. दोन्ही बाजूंना कपाटं, कपाटांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर धूळ, आणि मधल्या वाटेच्या टोकाला दादाचं टेबल. टेबलाच्या काचेखाली जुने फोटो होते. एकात बारक्या कोर्सचं प्रमाणपत्र धरून उभा. वाटेत जो भेटेल त्याला दादा सांगत होता, "हा आमचा धाकटा. चव्वेचाळीस." आडनाव सांगावं तसं.

"या, चव्वेचाळीस, बसा," शिपाई म्हणाला आणि त्याने खुर्ची पुसून दिली.

दादाने फॉर्म समोर ठेवला आणि स्वतःचं पेन टोपण काढून हातात दिलं. "सावकाश लिही. खाडाखोड नको. फॉर्मवर नंबर आहे, दुसरा मिळत नाही."

नाव, पत्ता, वय इथवर काही त्रास झाला नाही. रकाना नऊ: सध्याचे मासिक वेतन, पुराव्यासह. बारक्याचा हात थांबला. दादा समोरून उलटं वाचत होता. एकोणचाळीस वर्षांत त्याला उलटं वाचायची सवय झाली होती. बारक्याने लिहिलं, ४०,०००.

"बरोबर," दादा म्हणाला आणि हात पुढे केला. "स्लिप दे. जोडतो."

विसरलो म्हणता आलं असतं. दादाने सोमवारी आण म्हटलं असतं, आणि सोमवारीही विसरता आलं असतं. पण कागद खिशातून वर डोकावत होता आणि दादाला तो दिसत होता. बारक्याने तो काढून दिला.

दादाने स्लिप लिपिक वाचतो तशी वाचली. आधी तळाची रक्कम, मग कपाती, मग वरचं नाव. मग पुन्हा तळाची रक्कम.

"ही कुणाची?"

"माझी."

दादाने महिना पाहिला. शिक्का पाहिला. कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. मग म्हणाला, "कर बरोबर कापलाय."

"दादा—"

"कधीपासून?"

"अकरा वर्षं. तुझी बढती हुकली ना, त्या दिवशी… तुझ्यापेक्षा जास्त कसा सांगणार?"

"का? मी काय कुक्कुलं बाळ आहे? रडलो असतो?" दादाचा आवाज चढला. शिपायाने उगाचच एक फाईल उचलली आणि जिथून उचलली तिथेच ठेवली. दादाने आवाज खाली आणला. "अकरा वर्षं मला चारचौघांत सांगता आलं असतं, माझा धाकटा पुढे गेला म्हणून. ते राहिलं. आणि साहेबांपुढे हात जोडले मी. एकोणीस हजारांनी खाली उतरवायला तुला!"

बारक्या टेबलाच्या काचेकडे बघत बसला.

"तुझ्या वहिनीचे चार दात पडलेत, माहितीये ना? दोन वर्षं झाली. बसवून घे म्हटलं तर म्हणते, घाई काय आहे, आधी भावजींच्या पोरीची फी. मीच म्हटलं, बरोबर आहे." तो थांबला. "मलाही तेच बरोबर वाटलं."

बारक्या म्हणाला, "दातांचे मी देतो. उद्याच देतो."

"चाळीस हजारांत?" दादा म्हणाला. "विचारेल ना ती, कुठून आणले म्हणून. तुझी गिऱ्हाइकं दातही देतात की काय?"

मग त्याने फॉर्म स्वतःकडे ओढला आणि रकाना नऊवर बोट ठेवलं. आता तो खरोखर रागावलेला दिसला. "आणि फॉर्मवर खोटं लिहिलंस. माझ्या टेबलावर. माझ्या पेनने."

त्याने ड्रॉवरमधून लाल पेन काढलं, पट्टी लावून फॉर्मवर तिरपी रेघ मारली आणि खाली सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: 'उमेदवाराचे सध्याचे वेतन पदाच्या वेतनापेक्षा अधिक असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' सही केली. तारीख घातली. शेरा पुन्हा एकदा वाचला, आणि वाचताना त्याच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. मग फॉर्म घेऊन तो साहेबांच्या केबिनकडे गेला. दार अर्धवट उघडं होतं. त्याचा आवाज बाहेर स्वच्छ ऐकू आला. "साहेब, माफ करा. आपला पगार त्याला परवडत नाही."

परत येऊन बसला तेव्हा त्याने स्लिप घडी घालून बारक्याच्या खिशात सरकवली. "हिला एकदम सांगू नकोस," तो म्हणाला. "अकरा वर्षांचं एकदम कळलं तर तिला लागेल. मी बघतो."

तेव्हापासून ते काम दादाने हातात घेतलं. घरी जाऊन त्याने सांगितलं की कंपनीने बारक्याला सोडलं नाही, पंचेचाळीस देऊन ठेवून घेतलं. तीन महिन्यांनी त्याने बारक्याला दोन हजारांची वाढ दिली. दिवस बरे दिसले तेव्हा मध्ये एकदा बढतीही दिली, एकदम चार हजारांची. वहिनी प्रत्येक वेळी म्हणते, "बाई, भावजींचं नशीब उघडलं हो," आणि पाकीट थोडं हलकं करते. दादा रिटायर झाला, तरी या कामात त्याने खंड पडू दिलेला नाही. दर वेळी तो बारक्याला फोन करून नवा आकडा कळवतो, म्हणजे बोलण्यात फरक पडू नये. चार दातांचा खर्च साठ हजार पगाराच्या माणसाने उचललेला शोभेल, असा त्याचा अंदाज आहे.

सध्या चोपन्न चालू आहे.