आपाचा उतार

आपा माणसाच्या चालीकडे आधी बघायची, तोंडाकडे मग. मुळशी तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेवक म्हणून नवा नवा रुजू झालो होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पँटचं कापड घेऊन मी गावातल्या एकुलत्या एका शिंप्याकडे गेलो, तर शिंपी म्हणजे चाळिशीची एक बाई निघाली. जमिनीवर चटई टाकून बसलेली, डोक्यावर पदर, पुढ्यात हाताने फिरवायचं शिलाई मशीन.

"जुनी पँट आनलीय का? बरं केलंत. ठेवा तितं," ती म्हणाली. "आता त्या खांबापातूर चालत जा आन् माघारी या."

"चालत कशाला?"

"माप उभ्या मान्साचं घेत्यात. कापड कोन घालतो? चालनारा."

मी निमूट खांबापर्यंत गेलो आणि परत आलो. बाजारात बैलाला चालवून बघतात, तसंच वाटलं मला. पुरुषांना ती टेप लावत नसे. जुना कपडा आणि चार पावलं एवढ्यावर तिचं काम भागे. चार दिवसांनी पँट मिळाली, ती मात्र अंगावर अशी बसली की विचारू नका. तोपर्यंत पुण्यात शिवलेली माझी प्रत्येक पँट एका पायाला जमिनीवर लोळायची आणि मी शिंप्यांना शिव्या घालायचो.

तिचं नाव हलीमा, पण ते फक्त पंचायतीच्या यादीत. गाव तिला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचं. वाड्यावरचे धनगर, वाणी, मशिदीशेजारची चार घरं, शाळेचे गुरुजी, सगळ्यांचीच ती आपा. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा आपाच म्हणायची. तीन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. अब्बा दर्जी होते. मुलीला पायाचं मशीन चालवता येणार नाही म्हणून त्यांनी हाताचं मशीन आणलं आणि शिकवलं. चार लाकडी चाकांच्या एका बुटक्या पाटीवर बसून ती गावभर हिंडायची. हातांत चपला घालायची आणि त्या जमिनीला रेटत पुढे जायची. पायातल्या चपला हातात बघून नवखा माणूस हसला, की म्हणायची, "हसा. माज्या चपला तुमच्यापरीस लवकर झिजत्यात."

कुणी तिला उचललेलं मात्र तिला खपत नसे. एका लग्नात तिच्या मामेभावाने प्रेमाने तिला काखेत धरून मांडवात ठेवलं. आपा त्या लग्नात जेवली नाही. "म्या काय पोतं हाय व्हय?" एवढंच म्हणाली आणि पाटी वळवून घरी आली.

आमच्या भागात पाऊस असा कोसळतो की अंगणाचा ओढा होतो. म्हणून घरांची जोती कमरेइतकी उंच. अब्बा होते तोवर ते तिला खालीवर करायचे. ते गेले तेव्हा पुण्याचा भाऊ म्हणाला, घर विकू, तू माझ्याकडे चल. आपाने घर विकलं नाही. दोन वर्षं शिलाईचे पैसे साठवले आणि गवंडी बोलावला. त्याने दारासमोर दगडाचा उतार बांधला, तो इतका उभा की पाटी चढेना. आपाने तो सगळा मोडायला लावला. मग स्वतः हिशेब मांडला आणि घराच्या पुढच्या भिंतीला धरून, कोपऱ्यापासून दारापर्यंत चढत येणारा सोळा हात लांबीचा उतार बांधून घेतला. कडेला वीतभर कठडा. पावसाळ्यात शेवाळ धरतं म्हणून जात्याला टाकी लावणाऱ्या बाईकडून ती दरवर्षी त्या दगडांनाही टाकी लावून, छिन्नीने टोचून खडबडीत करून घ्यायची. त्या उतारावरून पाटी सोडून ती रस्त्यावर यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो तोरा असायचा, तो मी नव्या जीपमधून उतरणाऱ्या साहेबांच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

आता माझा पराक्रम सांगतो. घरपट्टीची नवी आकारणी करायची होती. टेप, वही आणि शिपाई घेऊन मी घरोघर फिरत होतो. घर किती, पडवी किती, ओटा किती, दगडी की मातीचा, सगळं रकान्यांत भरायचं. आपाच्या घरी आलो आणि उतार मोजायला लागलो. ती मशीन थांबवून बघत होती.

"काय मोजताय, भाऊसाहेब?"

"ओटा."

"त्यो ओटा न्हाई."

"मग काय आहे?"

"माजे पाय हायेत ते."

मी तरुण होतो, नियम नुकतेच पाठ केले होते. म्हटलं, "आपा, माझ्या वहीत पायांचा रकाना नाही." शिपाई हसला. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. आपा हसली नाही, रागावलीही नाही. तिने मशीनचं चाक फिरवायला सुरुवात केली.

यादी चावडीच्या भिंतीवर लागली. दगडी ओट्यामुळे आपाची घरपट्टी जवळजवळ दीडपट झाली होती. हरकती मागवल्या तेव्हा गावातून पाच-सहा अर्ज आले: कुणाचं छप्पर गळतं, कुणाचा गोठा पडला. आपाचा अर्ज कापड बेतायच्या खाकी कागदाच्या तुकड्यावर, तिच्याच अक्षरात होता. एकच ओळ. "माझे पाय यादीतून काढावे."

आमचे सरपंच मनाने चांगले. तंटा नको म्हणून ते स्वतः आपाच्या घरी गेले, मला बरोबर घेऊन. कठड्यावर टेकून म्हणाले, "आपा, कशाला अर्जबिर्ज? तुजी समदी पट्टीच माफ करून टाकतो. तुज्यासारखीला माफ केली तर कोन काय म्हननार हाय?"

मला वाटलं, मिटलं. दुसरी कुणी असती तर हात जोडले असते.

आपाने दातांत धरलेला दोरा तोडला. "समदी का म्हून? घर माजं हाय. घराची पट्टी म्या देनार, आजवर दिलीया. पायांची देनार न्हाई."

"अगं, पर माफच करतोय ना?"

"तुमी करताय. उद्याच्याला दुसरा सरपंच यील. त्येच्या मनात न्हाई आलं, तर म्या त्येच्या दारात जाऊन बसू? आन् वरच्या वाडीत कुनी पायानं अधू आसंल, त्येची तुमची वळख न्हाई, त्येनं काय करायचं? मला माफी नको, सरपंच. मोजनी चुकलीया ती दुरुस्त करा."

सरपंच वाटेत मला म्हणाले, "लई ताठ हाय बया." ते वैतागून म्हणाले की कौतुकाने, ते कळलं नाही. मी मात्र वैतागलो होतो. गरिबाने सवलत घ्यावी आणि गप्प बसावं अशी माझी समजूत होती, आणि ही बाई सवलत परत करून हक्क मागत होती.

सुनावणीच्या दिवशी पंच चावडीत जमले. चावडीला सहा पायऱ्या. आपा पाटी घेऊन खाली रस्त्यावर येऊन थांबली. दोघे तिला उचलायला धावले, तिने हातातली चप्पल उगारली. "हरकत म्या घेतलीया. ऐकायची आसंल तर खाली या." थोडी कुरकुर झाली, पण सगळे उतरले आणि चिंचेखाली बसले. मी मांडीवर इतिवृत्ताची वही घेऊन बसलो. बघायला अर्धं गाव होतं.

सरपंचांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, कायद्यात बसतं का ह्ये?"

"उताराचा उल्लेख कुठेच नाही. बांधकाम आहे, ते मोजायलाच हवं," मी म्हणालो. खोटं बोललो नाही.

मग आपा बोलली. आवाज चढवला नाही.

"वीस वर्सं म्या ह्या गावाचं कापड शिवतीया. ह्या गावात एकाच्या पाठीला बाक हाय. त्येच्या सदऱ्याला मागनं चार बोटं कापड जादा घालावं लागतं. एकाचा खांदा उतरलाय, तितं म्या आतनं कापूस भरती. एकाचा डावा पाय बोटभर आखूड हाय, त्येच्या पँटीचा डावा पाय म्या बोटभर आखूड बेतती. कुनाला कळत न्हाई, त्येला सुदिक न्हाई. नावं म्या घेनार न्हाई, माप अमानत आसतं. पर एक इचारती. ह्या मान्सांकडनं म्या कवा जादा शिलाई घेतली? एक पैसा तरी? का न्हाई घेतली? हौसंची झालर लावा म्हनला तर म्या पैसे घेती. पर अंगाला जे लागतं त्येची शिलाई मागायची न्हाई, ह्ये अब्बांनी शिकवलं. तुमच्या अंगाला लागलं ते म्या मोजलं न्हाई. माज्या अंगाला लागलं ते तुमी टेप लावून मोजलं."

पंचांपैकी प्रत्येक जण आपापला सदरा चाचपत होता. एकाने पाठ ताठ केली. आणि मग हळूहळू सगळ्या नजरा माझ्या पायांकडे वळल्या. धोतर-पायजम्याच्या त्या गावात पँट घालणारा मी एकटा होतो.

आपाने नाव घेतलं नव्हतं, हे अगदी खरं. ते तिने मुद्दाम केलं की बोलण्याच्या भरात झालं, हे मी तिला कधीच विचारलं नाही. कान तापले होते माझे. लहानपणापासून आई म्हणायची, नीट चाल, आणि मला वाटायचं मी नीटच चालतो. एका बाईला ते खांबापर्यंतच्या चार पावलांत दिसलं, तिने ते पोटात ठेवलं, माझी पँट सरळ केली. आणि मी तिच्याच दारात टेप घेऊन उभा राहिलो होतो. मी उठलो. म्हणालो, "ती पँट माझी आहे. मोजणी माझी चुकली. ठराव करा, मी लिहितो."

"पर कायदा?" एक पंच म्हणाला.

"उताराला ओटा म्हणा, असंही कायद्यात कुठे नाही," मी म्हणालो. तेवढं धैर्य माझ्यात कुठून आलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मी लिहायला लागलो, "श्रीमती हलीमा यांच्या घराचा उतार..." आपाने मला थांबवलं. "माजं नाव नको. नाव लिवलं की त्यो उपकार हुतो. कुनाचाबी उतार लिवा." मग ठराव असा झाला: चालायला अडचण असलेल्या घरमालकाने अगर मालकिणीने घरात जाण्यायेण्यासाठी केलेलं बांधकाम आकारणीत धरू नये. सरपंचांनी पहिली सही केली.

पुढे प्रत्येक वर्षी घरपट्टी भरायला सगळ्यात आधी आपा यायची. चावडीच्या पायऱ्यांखाली थांबून हाक मारायची, "भाऊसाहेब, पंचायतीला पाय कवा येनार?" मी पावतीपुस्तक घेऊन खाली उतरायचो. ते पाय पंचायतीला माझ्या कारकिर्दीत आले नाहीत. मी दोनदा विषय मांडला, दोन्ही वेळा निधी नव्हता. वरच्या वाडीत मात्र पाय कापलेल्या एका म्हाताऱ्या धनगराने दाराशी उतार बांधला, आणि मी टेप न काढता त्याच्याकडे चहा पिऊन आलो.

सहा-सात वर्षांनी आपा आजारी पडली. दम लागायचा, पाटी रेटवेना. पुण्याच्या भावाचा मुलगा, तिचा भाचा सलीम, येऊन राहिला होता. घर ती त्याच्याच नावावर करणार होती. मी भेटायला गेलो, तर म्हणाली, "भाऊसाहेब, म्या गेल्यावर यादी दुरुस्त करा. उतार लिवून घ्या."

"असू द्या हो आपा. तेवढ्याने पंचायत बुडत नाही."

"आसू द्या कसं? सलीमचे पाय धड हायेत. त्यो तितं बसंल, सायकल लावंल. मंग त्यो ओटाच झाला का न्हाई? तुमी न्हाई लिवला तर लोक म्हनतील, आपाला फुकट दिल्तं." थांबून थांबून ती एवढं बोलली. मी हो म्हणेपर्यंत तिने माझ्यावरची नजर काढली नाही.

पंधरा दिवसांत ती गेली. चाळीस दिवस झाल्यावर मी टेप घेऊन तिच्या घरी गेलो. शिपायाला नेलं नाही. उतारावर सलीमची सायकल उभी होती. मी वाकून एक टोक कोपऱ्याला लावलं, दुसरं दारापर्यंत नेलं. दगडांवर टाकीचे घाव अजून ताजे होते. लांबी लिहिली. रुंदी लिहिली. पुढच्या रकान्यात 'ओटा, दगडी' लिहिताना मात्र मला रडू आवरेना; ती गेल्याचं तोवर कानांनी ऐकलं होतं, ते आता माझ्याच हाताने मी लिहीत होतो.

सलीम बाहेर आला. वहीत डोकावून म्हणाला, "भाऊसाहेब, इतकी वर्षं हा ओटा कधी लावला नाहीत. आताच का लावता?"

मी डोळे पुसले आणि म्हणालो, "इतकी वर्षं इथे ओटा नव्हता."