सुमनने दिलेला मान

हे गेल्यावर घरपट्टी माझ्या नावावर करायला मी अंबरनाथच्या पालिकेत गेले. खिडकीमागच्या माणसाने यांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं आणि मला चामटोलीच्या शाळेतला माझा चौथीचा वर्ग आठवला.

फळ्यावर श्री., सौ., मु. पो., कै. लिहून मी मुलांना पाकिटावर यांच्या नावाने आमच्या घरचा पत्ता घालायला सांगितलं होतं. सुमनने यांना 'कै.' लावलं.

"अगं, हे काय?"

"बाई, आमच्या आजोबांच्या फोटूला हार हाय, तिथं कै. लिवलंय. श्रीपेक्षा मोठा मान ना तो?"

घरी हे पोट धरून हसले. मग कित्येक दिवस स्वयंपाकघरात हाक यायची, "कैलासवासी चहा मागतायत!"

खिडकीमागच्या माणसाने कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, बघा, बरोबर आहे ना?"

मी वही तपासावी तसं नाव वाचलं.

"बरोबर," म्हणाले.