नळाची टोपडी

नळाला टोपडं घालायची पद्धत आमच्या गल्लीत आत्यानं पाडली. ती शिलाई करते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात आठ-दहा दिवसांनी एकदा नळाला पाणी यायचं, आणि पाण्याबरोबर काळा गाळ, शेवाळ, कधी लालसर अळ्याही यायच्या. पाइप नालीतूनच गेलेला आणि जागोजाग फुटलेला. आत्यानं उरलेल्या मांजरपाटातून, तान्ह्या बाळाला घालतात तशी नाडीची टोपडी शिवली आणि घरोघर वाटली. नळाच्या तोंडाला टोपडं बांधायचं, गाळ त्यात अडकायचा. सगळे खूश झाले. माझ्यासारखी बीएड झालेली बाईसुद्धा खूश झाली, हे सांगायला आता लाज वाटते.

मग आत्याच्या नातीला कावीळ झाली. नऊ वर्षांची पोर, आईबाप ऊसतोडीला गेलेले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिच्या उशाशी आत्या पंधरा दिवस बसून होती. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालंय. आत्या परत आली ती भांडायचं ठरवूनच.

बुद्धविहारात गल्ली जमली. मुख्याधिकारी आणि पाणीपुरवठ्याचे इंजिनियर या दोघांवर दावा लावायचा, असं आत्यानं सांगितलं. मी म्हणाले, "आत्या, अजून एक अर्ज देऊन बघू की. एकदम कोर्टात कशाला?"

"अर्ज देऊ देऊ पिशवी भरली, बाई. पोच हाय सगळ्याची, पानी न्हाई."

सह्यांच्या दिवशी मी गेले नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेत मीटिंग आहे, असा निरोप पाठवला. मीटिंग नव्हती. आत्याला ते कळलं असणार, पण तिनं एका शब्दानं विचारलं नाही. उलट मला काम दिलं. दर पाण्याला ती आपल्या नळाचं टोपडं सोडायची, सावलीत वाळवायची आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायची. त्याला टाचायची चिठ्ठी मी लिहायची: वार, तारीख, पाणी किती वाजता आलं. "तुझं अक्षर कोर्टात शोभंल," म्हणाली. मी पुरावा जमवत होते आणि सही मात्र टाळत होते. अशी आमची हुशारी!

कोर्टात साहेबांचं उत्तर आलं. पाणी शुद्ध आहे, रहिवाशांची भांडीच अस्वच्छ असावीत. हे वाक्य गल्लीला फार झोंबलं. आमच्याकडे बाईला काहीही बोला, तिची भांडी घाण आहेत म्हणू नका. त्या आठवड्यात प्रत्येक दारात चिंच आणि राख घेऊन घासणं चाललं होतं.

कोर्टानं पाहणीसाठी कमिशनर नेमला, एक तरुण वकील. त्याच्या येण्याच्या आधी दोन दिवस नातीची तपासणी आली, म्हणून आत्या तिला घेऊन अंबाजोगाईला गेली. घराची किल्ली शेजारणीकडे दिली. शेजारीण सहा महिने ऊस तोडून नुकतीच परत आली होती. साहेबांनी आपली भांडी घाण म्हटली आणि आता कोर्टाचा माणूस पेटीतली फडकी बघणार आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

पाहणीच्या सकाळी आत्या बसमधून उतरून थेट पेटीपाशी गेली. मी मागोमाग होते. झाकण उघडलं तर आत पांढरीशुभ्र टोपडी, घडी घालून, निळीचा वास मारत.

शेजारीण दारात उभी होती, कौतुकाची वाट बघत. "आक्का, दोन दिस लागले बघा. लई घान होती. चिठ्ठ्या काढून एकेक धुतलं, अन् ज्याची त्याला परत टाचली. एक बी इकडची तिकडं न्हाई."

माझ्या तोंडात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. वर्षभराचा पुरावा बाईनं साबण लावून नालीत सोडला होता. माझा चेहरा बघून तिला काहीतरी चुकल्याचं कळलं आणि ती रडायलाच लागली. "त्यायनी कोर्टात म्हनलं ना, आपली भांडी घान हायत. मंग सायबापुढं घान फडकी कशी मांडावी?"

आत्या पेटीशेजारी खाली बसली. ती बोलली ते एवढंच: "रडू नको. तू लबाडी न्हाई केली. सायब आला की हेच त्याला सांग."

तिच्यात राग कसा नव्हता, हे मला आजही उमगत नाही. माझ्यात दोघींना पुरेल एवढा होता.

दहा वाजता कमिशनर आला, सोबत इंजिनियर आणि त्यांचे वकील. योगायोग असा की त्याच सकाळी नळाला पाणी आलं, आणि तेही स्वच्छ. ब्लीचिंग पावडरीच्या वासानं डोळे चुरचुरत होते, पण दिसायला काचेसारखं. साहेबांच्या वकिलांनी एक टोपडं उचललं. "वा! माझ्या सदऱ्यापेक्षा पांढरं आहे." इंजिनियर हसले. कमिशनरनं पेनाला टोपण लावलं.

आत्यानं शेजारणीला पुढं केलं. ती सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली, "मीच धुतली, सायब. घानीची लाज वाटली मला." कमिशनरनं लिहून घेतलं आणि म्हणाला, "पण आजी, आता यात मी बघू काय?"

आत्या उठली, मशीनच्या खणातून ब्लेड आणलं आणि त्याच्यासमोर धरलं. "सायब, कपडा कितीबी धुवा, नेफ्यात बोट जात न्हाई. उभा जलम शिवन्यात गेला माझा. तुमीच उसवा. मी उसवलं तर हे म्हनतील, म्हातारीनं घातलं."

नेफा म्हणजे जिथून नाडी जाते ती पट्टी. कमिशनरनं जपून टीप कापली. आत काळा गाळ वाळून बसला होता. वासानं त्यानं मान मागे घेतली. मग दुसरं उसवलं, तिसरं उसवलं. प्रत्येकात तेच, आणि प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. इंजिनियर मोबाइलमध्ये बघायला लागले. मला त्या क्षणी आत्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?" कमिशनरनं विचारलं.

आत्या लगेच म्हणाली, "लिहिल्या गल्लीतल्या कुनीतरी." तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतक्या धामधुमीतही माझी नोकरी तिच्या ध्यानात होती.

मी म्हणाले, "मी लिहिल्या. अक्षर माझं आहे." त्यानं जबाब घेतला आणि मी खाली सही केली. इंजिनियरांनी माझं नाव आणि शाळेचं नाव दोनदा विचारून घेतलं, आणि मी दोन्ही वेळा स्पष्ट सांगितलं.

कोर्टाचा हुकूम यायला पुढे बरेच महिने गेले. दोन्ही साहेबांना कोर्टात उभं राहावं लागलं आणि नवा पाइप नालीपासून लांबून टाकावा लागला. नव्या पाइपाचं पाणी यायला लागल्यावर तपासणीचा अहवाल चांगला आला, डॉक्टरांनीही हरकत नाही म्हणून सांगितलं. पण आत्याचा विश्वास नेफ्यावर. तिनं नळाला नवं टोपडं बांधलं आणि चार पाणी तसंच राहू दिलं. तोवर नातीला उकळलेलंच पाणी.

चौथ्या पाण्याला तिनं टोपडं सोडलं आणि ब्लेड शेजारणीच्या हातात दिलं. शेजारणीनं नेफा उसवला. नात भरलेला पेला दोन्ही हातांत धरून उभी होती. कुणी सांगितल्याशिवाय ती तोंडाला लावत नव्हती, इतकी त्या पोरीला पाण्याची धास्ती बसली होती. आत्यानं पट्टी उजेडाकडे धरली, उलटून बघितली, नाकाशी नेली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पी गं."