देवामागची वायर

आमच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर देव बसवलेला आहे आणि देवाच्या पाठीमागे चोर-स्वीच. चोर-स्वीच म्हणजे लपवलेलं बटण. ते बंद असलं की इंजिन सुरू होतं, पण ॲक्सिलेटर दाबा की कपाळ बडवा, गाडी ओढत नाही. देवामागे हात घालायची चोराचीही छाती होणार नाही, म्हणून ही जागा निवडली होती. ती माहीत असलेली माणसं दोनच, मी आणि माझे जवाई.

जवाई म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. गाडी आम्हा दोघांची. एक फेरी त्यांची, एक माझी. गाडी जुनी, पण भरल्या पोत्यांनिशी चढ चढताना कधी कुरकुरली नाही. जवायांना ती विकून नवी घ्यायची होती, दसऱ्याच्या आत. मी नाही म्हटलं. ते गप्प बसले आणि मी समजलो, विषय संपला. मी असाच शहाणा.

त्यानंतर गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. घाटंजीहून सोयाबीन भरून दारव्ह्याला निघालो होतो. बोरी अरबच्या अलीकडे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम गेले, काटे खाली पडले. पेडल दाबतोय आणि इंजिन आपलं जागच्या जागी धकधकतंय. मागून एसटी हॉर्नवर हॉर्न. चाबी बंद केली, थोडं थांबून पुन्हा फिरवली, तर गाडी अशी चालू झाली की जणू मीच खोटारडा. मग हे रोजचंच झालं.

आधी बॅटरीवर संशय घेतला. टर्मिनल गरम पाण्याने धुतले, घासले. अल्टरनेटर चार्जिंग देत होता. इंजिनची अर्थिंग खरवडून पुन्हा कसली. डिझेल फिल्टर बदलला. शेवटी पेडलचा सेन्सरच नवा टाकला, कारण या गाडीत पेडलपासून इंजिनपर्यंत केबल नाही, वायरच जाते. दोन दिवस बरी चालली आणि परत तेच. चोर-स्वीचही दाबून पाहिला होता. खटका बरोबर वाजत होता. त्यामागच्या वायरी पाहायच्या तर देव उचलावा लागतो, आणि आमच्यात गाडीतला देव दसऱ्याला धुतानाच उचलतात, एरवी नाही. गॅरेजच्या मिस्त्रीनेही चपला काढून केबिनमध्ये पाय ठेवला आणि देवाकडे हात नेला नाही.

या सगळ्यात जवाई माझ्या शेजारी होते. मी डॅशबोर्डखाली उताणा पडून वायरी चाचपायचो आणि ते मोबाईलचा उजेड धरायचे. म्हणेन तिकडे धरायचे, न कंटाळता.

"भाऊ, कायले जीव जाळता? इचं वय झालं. इकून टाकू," ते म्हणायचे.

गिऱ्हाईकही तेच घेऊन आले. त्याने चाकाला लाथ मारून पाहिली. मला ती लाथ लागली, तरी मी म्हटलं, दसरा होऊ द्या, एकदा पूजा करतो आणि देतो. इतका मी थकलो होतो.

दसऱ्याला जवाई त्यांच्या गावी गेले. मी गाडी धुतली आणि देव उचलला. मागे स्वीचकडे येणारी वायर सोललेली होती. तांब्याच्या दोन-तीन तारा सोडून बाकी सगळ्या कापलेल्या, त्याही सरळ, पकडीने. वर नवीकोरी काळी टेप. गचका बसला की त्या तारा सुटायच्या आणि त्याच वायरवरचं पेडल, दिवे, काटे सगळंच मरायचं.

देव मांडीवर घेऊन मी तसाच बसलो. राग आला. मोबाईलचा तो उजेड आठवला. तरी मन त्यांची बाजू घेत होतं. एखाद्या वेळी त्यांनी वायर दुरुस्त करायला घेतली असेल, अर्धवट राहिली असेल. जवाई आहेत ते. दिवाळीला आमच्या घरी त्यांना पाटावर बसवून ओवाळतात.

वायर नीट जोडली. देव जागेवर ठेवला, हार घातला, नारळ फोडला. गाडी घेऊन पार यवतमाळच्या रस्त्यापर्यंत गेलो. चढ, खड्डे, गतिरोधक, एकदाही अडली नाही. परत येऊन बहिणीला फोन लावला. तिच्या नवऱ्यावर बोट ठेवायचं नाही, हे ठरवूनच लावला.

"बाई, गाडी सुदरली," एवढंच म्हणालो.

पलीकडे तिने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यायले. दादा शोधूनच काढन."